गणिताच्या सॉफ्टवेअरसाठी ग्राफिक्स लायब्ररी कशी निवडावी

गणिताचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलेला नवखा माणूस पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच विचारतो: "ओपनजीएल शिकू का?" मीही तिथूनच सुरुवात केली होती. पडद्यावर एक वर्तुळ काढायचं होतं, बस्स. बफर, शेडर, मॅट्रिक्स यांच्याशी दोन आठवडे झटापट केल्यावर वर्तुळ उमटलं, पण लंबवर्तुळासारखं चपटं. खिडकी चौरस नव्हती आणि ओपनजीएल आडवं-उभं दोन्ही माप उणे १ ते १ मध्येच मोजतं. ते निस्तरलं तर रेघ केसासारखी बारीक. जाडी वाढवायची आज्ञा दिली, काही फरक नाही. आधुनिक ओपनजीएलमध्ये १ पिक्सेलपेक्षा जाड रेघ मिळेलच अशी हमी नाही. हवी असेल तर ती तुम्हीच त्रिकोण जोडून बनवायची. मग अक्षावर आकडे लिहायला गेलो आणि कळलं, की ओपनजीएलला अक्षर नावाची वस्तूच माहीत नाही.

चूक ओपनजीएलची नव्हती. ते ग्राफिक्स कार्डाशी बोलायचं साधन आहे आणि त्याला त्रिकोण कळतात. गणिताच्या माणसाला लागतात अक्ष, खुणा, आकडे, वक्र, स्पर्शिका, नावं दिलेले बिंदू. या दोहोंच्या मध्ये तीन-चार थर आहेत, आणि "कुठली लायब्ररी घेऊ" म्हणजे खरं तर "कुठल्या थरावर उभा राहू". माझं मत साधं आहे: काम भागेल अशा सगळ्यात वरच्या थरावर राहा. खाली उतरायची वेळ आली की ती कळतेच.

पायरी १: सगळ्यात अवघड चित्र कागदावर काढा

तुमच्या सॉफ्टवेअरला पुढच्या वर्षभरात जे सगळ्यात अवघड चित्र काढावं लागेल, ते पेन्सिलीने कागदावर काढा. सोपं चित्र नको. सरळ रेषा कुणीही काढून देतं. मग त्या कागदाच्या कोपऱ्यात लिहा: हे चित्र बघायचं आहे की हात लावायचं?

बघायचं चित्र म्हणजे एकदा काढलं, पुस्तकात किंवा प्रबंधात छापलं, संपलं. हात लावायचं चित्र म्हणजे त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की परिवर्तुळ सोबत सरकलं पाहिजे. पहिल्यात छपाईचा दर्जा महत्त्वाचा, दुसऱ्यात वेग. दोन्ही उत्तम करणारी लायब्ररी शोधत बसू नका. त्या शोधात माणसं महिने घालवतात आणि आलेख एकही निघत नाही.

त्याखाली आणखी एक ओळ: चित्रात किती वस्तू आहेत? पन्नास बिंदू आणि चार वक्र असतील तर जवळजवळ काहीही चालतं. दहा लाख बिंदू असतील, किंवा मँडेलब्रॉट संचासारखा प्रत्येक पिक्सेलचा वेगळा हिशोब असेल, तर मात्र ग्राफिक्स कार्डाची गरज खरी आहे. शाळा-कॉलेजच्या गणितासाठी लिहिणाऱ्या बहुतेकांची गरज पहिल्या प्रकारची असते, आणि तयारी ते दुसऱ्या प्रकारची करत असतात.

पायरी २: चालणार कुठे?

वापरणारे विद्यार्थी असतील आणि त्यांच्या हातात फोन असेल, तर ब्राउझर. यावर फार चर्चा नको. इन्स्टॉल करायला सांगितलं की निम्मे गळतात.

संशोधक किंवा अभियंते असतील आणि ते आधीच पायथनमध्ये काम करत असतील, तर पायथन. कारखान्यातल्या संगणकावर बसवायचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर असेल तर सी++ आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवून देणारी लायब्ररी). ज्युलिया या भाषेत गणित लिहिलं असेल तर तिथली माकी ही लायब्ररी बघा. तिथे छपाईसाठी कायरोवर, खिडकीसाठी ओपनजीएलवर आणि ब्राउझरसाठी वेबजीएलवर (ओपनजीएलचं ब्राउझरमधलं रूप), असं एकच चित्र तीन ठिकाणी काढता येतं.

पायरी ३: थोरल्यांनी काय निवडलं ते बघा

गणिताची नावाजलेली सॉफ्टवेअर घ्या. सिम्पाय आलेखासाठी मॅटप्लॉटलिब ही पायथनची आलेख-लायब्ररी वापरतं. सेजमॅथ द्विमितीय चित्रांसाठी मॅटप्लॉटलिब आणि त्रिमितीय चित्रांसाठी थ्रीजेएस ही ब्राउझरमधली लायब्ररी वापरतं. पूर्वी तिथे जेमॉल होतं, म्हणजे मूळची रेणू दाखवणारी जावा प्रणाली. मॅक्सिमा आपले आलेख ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमकडून काढून घेतं. यांपैकी एकानेही स्वतःची रेघ काढायची यंत्रणा शून्यापासून लिहीत बसायचा हट्ट धरलेला नाही. गणित स्वतःचं, चित्र उसनं.

जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरची गोष्ट थोडी वेगळी. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात ती सुरू केली, तेव्हा ती जावात होती. पुढे ब्राउझरमधून जावा ॲपलेट (वेबपानात चालणारे जावाचे छोटे प्रोग्रॅम) हद्दपार झाली. त्यांनी गुगल वेब टूलकिट वापरून जावाचा कोड जावास्क्रिप्टमध्ये उतरवला आणि जिओजेब्रा वाचली. भूमितीचे नियम तेच राहिले, खालचा कॅनव्हास बदलला. ही गोष्ट शेवटच्या पायरीला पुन्हा लागेल.

पायरी ४: आता नावं घेऊन बोलू

मॅटप्लॉटलिबपासून सुरू करतो, कारण पायथनवाल्या नवख्याने तिथूनच सुरू करावं असं मला वाटतं. जॉन हंटर हे मेंदूविज्ञानाचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत बघण्यासाठी त्यांना साधन हवं होतं, त्यातून २००३ मध्ये हे बाहेर आलं. मांडणी मॅटलॅब या गणिताच्या सॉफ्टवेअरची नक्कल करणारी, म्हणून आज्ञांचा तोंडवळा जुनाट वाटतो. पण पीडीएफ आणि एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फुटणाऱ्या चित्राची फाइल) सुबक निघतात आणि सूत्रं लिहायची स्वतःची सोय आहे. हात लावायच्या चित्रासाठी मात्र ते संथ आहे. ओढता येणारे बिंदू त्यात करता येतात, पण करू नयेत.

पायथनमध्येच सतत हलणारा आलेख हवा असेल, सेन्सरचे आकडे येतील तसा पुढे सरकणारा, तर पायक्यूटीग्राफ. त्रिमितीय काम असेल तर पायव्हिस्टा. ती व्हीटीके या दणकट लायब्ररीवर बसवलेली आहे. व्हीटीकेच्या जनकांपैकी एक विल्यम लॉरेन्सन. त्यांनी हार्वी क्लाइन यांच्याबरोबर १९८७ मध्ये मार्चिंग क्यूब्ज ही रीत मांडली होती. समीकरण दिलं की पृष्ठभागाचे त्रिकोण काढून देणारी ही रीत तुम्हाला लागणारच. क्ष वर्ग अधिक य वर्ग अधिक झ वर्ग बरोबर १ हे समीकरण ग्राफिक्स कार्डाला कळत नाही, त्याला त्रिकोणच हवेत. दोन अर्धपारदर्शक पृष्ठभाग एकमेकांना छेदतात तेव्हा कुठला पुढे आणि कुठला मागे हा घोळ होतो, त्यावरही व्हीटीकेत तयार उपाय आहे. थ्रीजेएसमध्ये तो घोळ बराचसा तुमच्या गळ्यात पडतो.

ब्राउझरसाठी माझी पहिली शिफारस जेएसएक्सग्राफ. जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठात तयार झालेली ही लायब्ररी आपल्याकडे फारशी कुणी वापरताना दिसत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. बिंदू, रेषा, वर्तुळ, सरकपट्टी, फलाचा आलेख, स्पर्शिका ही सगळी तिची मूळाक्षरं आहेत. दोन बिंदूंचा मध्य घेतलात की तो मध्यच राहतो. त्या दोघांतला एक बिंदू ओढा, मध्य सोबत जातो. हे अवलंबित्वाचं जाळं स्वतः लिहायला बसलात तर पावसाळा संपेल.

डी-थ्रीबद्दल एक सावधगिरी. नाव फार ऐकू येतं, म्हणून नवखे ते आलेखाची लायब्ररी समजून घेतात. ती हत्यारांची पेटी आहे: मापं बदलणं, अक्ष काढणं, आकडे चित्रातल्या घटकांशी जोडणं. माहितीचे तक्ते करणाऱ्यांना ती वरदान. भूमितीच्या सॉफ्टवेअरला तिचा उपयोग अक्षांपुरता.

आणि थ्रीजेएस, २०१० पासूनची, ब्राउझरमधल्या त्रिमितीसाठी. जगभर वापरात, शिकायला सोपी. पण ती गणितासाठी नाही, दृश्यांसाठी बनली आहे: दिवे, कॅमेरा, पदार्थ. अक्ष आणि खुणा तुम्हालाच बांधाव्या लागतील, आणि साध्या रेघेचं ते बारीकपणाचं दुखणं तिथेही आहे. जाड रेघांसाठी तिच्यासोबत वेगळे वर्ग येतात, ते वापरा.

मॅनिम या यादीत का नाही, असं कुणी विचारेल. ग्रँट सँडरसन यांनी ती गणिताचे व्हिडिओ बनवण्यासाठी लिहिली, आणि त्या कामाला तिला तोड नाही. पण तिच्यातून व्हिडिओ निघतो, सॉफ्टवेअर नाही.

पायरी ५: बघण्याचा कार्यक्रम

स्थळ कागदावर चांगलं दिसतं. खरं काय ते पोहे खाताना कळतं. दोन लायब्ऱ्या निवडा, प्रत्येकीला एक दिवस द्या आणि पुढची चित्रं काढून बघा. तिच्या संकेतस्थळावरची नमुना-चित्रं काढू नका, ती चांगलीच निघणार.

पहिलं चित्र: साइन ५०क्ष, ० ते २ पाय या अंतरात. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत समान अंतरावरचे बिंदू मागितले आणि संख्या सांगितली नाही, तर ५० बिंदू मिळतात. त्या बिंदूंवर साइन ५०क्ष काढा. पडद्यावर एकच संथ, गोंडस लाट दिसेल, हुबेहूब साइन क्ष! ५० बिंदूंमध्ये ४९ अंतरं असतात, आणि त्या प्रत्येक बिंदूवर साइन ५०क्ष आणि साइन क्ष यांची किंमत एकच येते. साइन ४८क्ष काढलं तर तीच लाट उलटी दिसते. साइन ४९क्ष काढलं तर सगळ्या किमती शून्य येतात, म्हणजे संगणकाची गोळाबेरीज चुकून उरलेला कचरा, सुमारे १० च्या उणे चौदाव्या घाताएवढा. आणि आलेख आपणहून माप जुळवून घेत असल्यामुळे तोच कचरा पानभर डोंगरासारखा उभा राहतो. विद्यार्थी म्हणेल, सॉफ्टवेअरने दाखवलंय म्हणजे बरोबरच असणार. यात लायब्ररीचा दोष काहीच नाही. तिने दिलेले बिंदू जोडले. बिंदू कुठे घ्यायचे हे तुमचं काम आहे, आणि ते कुठलीही ग्राफिक्स लायब्ररी तुमच्यासाठी करणार नाही. निदान इतकं करा: शेजारच्या तीन बिंदूंमधली दिशा फार वळली तर मध्ये आणखी बिंदू घाला, आणि सुरुवातीचे बिंदू अगदी समान अंतरावर न घेता थोडे हलवून घ्या.

दुसरं चित्र: टॅन क्ष. ९० अंशांपाशी आलेख वर अनंताकडे जातो आणि पलीकडे खालून येतो. बिंदू जोडणारी लायब्ररी मध्ये उभी रेघ मारून मोकळी होते. मॅटप्लॉटलिबमध्ये तिथे 'संख्या नाही' ही खास किंमत घातली की रेघ तुटते. तुमच्या लायब्ररीत रेघ तोडायची सोय कशी आहे ते बघा. कुठे तोडायची हे ओळखणं त्याहून अवघड. चिन्ह बदललं आणि उडी मोठी असली की तोड, हा ढोबळ नियम बहुतेकदा चालतो आणि कधीतरी चांगल्या वक्राचाही गळा कापतो. खात्रीचा मार्ग अंतराल-गणिताचा: एका बिंदूवर किंमत न काढता संपूर्ण पट्ट्यावर फलाची किंमत कुठून कुठपर्यंत असू शकते ते काढायचं. जेफ टपर यांनी २००१ मध्ये या मार्गाने समीकरणांचे भरवशाचे आलेख काढायची रीत प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीत ती घालू नका, पण माहीत असू द्या.

तिसरं: खोलवर झूम करा. ग्राफिक्स कार्डावर आकडे बहुधा ३२ बिटांचे असतात, म्हणजे साधारण सात अंकांची अचूकता. १,६७,७७,२१६ या संख्येनंतरची लगेचची पूर्ण संख्या त्यात मावतच नाही. वेबजीएलच्या शेडरमध्ये, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, ६४ बिटांचे आकडे मिळत नाहीत. त्यामुळे मूळ बिंदूपासून दूर जाऊन झूम केलं की वक्र थरथरायला लागतो, पायऱ्या पडतात. उपाय सोपा आहे: पडद्याचा मध्य ६४ बिटांत वजा करून घ्या आणि उरलेले छोटे आकडेच कार्डाकडे पाठवा. लायब्ररी हे करू देते का, तेवढं तपासा.

चौथं आपल्या लोकांसाठी खास: आलेखावर "त्रिज्या" असं लिहा. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाहीत. जोडाक्षर जुळवावं लागतं आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर असली तरी आधी काढावी लागते. हे काम करणारा थर नसेल तर त चा पाय मोडतो, र सुटा पडतो आणि वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन उभी राहते. मॅटप्लॉटलिबने या बाबतीत मराठी माणसाला वर्षानुवर्षं छळलंय. फाँट बदलून काही होत नाही, कारण दुखणं फाँटचं नाही. तुमच्या मशीनवरची आवृत्ती काय करते ते प्रत्यक्ष लिहूनच बघा. बिघडलं तर दोन पळवाटा आहेत: अक्षरांचं काम झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडे सोपवायचं, किंवा एसव्हीजी काढताना मजकूर मजकूर म्हणूनच ठेवायचा आणि ब्राउझरला तो जुळवू द्यायचा. ब्राउझर आणि क्यूटी हे काम चोख करतात. थ्रीजेएसमध्ये अक्षरांचे त्रिकोण करण्याच्या भानगडीत पडू नका. चित्रावर एचटीएमएलची लेबलं तरंगत ठेवा. मराठी माध्यमाच्या वर्गासाठी काही बनवत असाल तर मी ही परीक्षा पहिली घ्यायला सांगेन. एका ओळखीच्या शिक्षकांसाठी केलेल्या प्रात्यक्षिकात सगळं फिरत होतं, सरकत होतं, आणि मुलं मात्र मोडलेल्या "त्रिज्या"कडे बघून हसत होती.

पाचवं: चित्राचा कृष्णधवल झेरॉक्स काढा. उंची रंगांनी दाखवणारा नकाशा असेल तर हे फार बोलकं ठरतं. जुनी इंद्रधनुषी रंगपट्टी करड्या छटांमध्ये गेली की डोंगर आणि दरी एकाच करड्या रंगाची होतात. मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये आपली मूळची रंगपट्टी बदलून व्हिरिडिस आणली. तिची उजळता एकाच दिशेने वाढत जाते, म्हणून झेरॉक्समध्येही अर्थ टिकतो आणि रंगांधळ्या माणसालाही चित्र वाचता येतं. त्याच बैठकीत पीडीएफ काढून चौपट मोठं करून बघा. कडा फुटल्या तर ती लायब्ररी छापायच्या कामाची नाही.

पायरी ६: लायसन्स

कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांचं काम आहे. कोड बंद ठेवून सॉफ्टवेअर विकणार किंवा वाटणार असाल तर जीपीएल (तुमचाही कोड खुला करायला लावणारं लायसन्स) असलेली लायब्ररी घेता येत नाही; तिचं वेगळं लायसन्स विकत मिळत असेल तर ते घ्यावं लागतं. फसगत होते ती जोडीच्या लायब्ऱ्यांत: क्यूटी पायथनमधून वापरू देणारी पायक्यूटी जीपीएल किंवा विकत, पण तेच काम करणारी पायसाइड एलजीपीएल (जीपीएलचं सौम्य रूप). क्यूटीसोबत घेतली जाणारी क्यूकस्टमप्लॉट पुन्हा जीपीएल किंवा विकत. थ्रीजेएस एमआयटी या जवळजवळ विनाअट लायसन्सवर, जेएसएक्सग्राफला एलजीपीएल किंवा एमआयटी यांतलं हवं ते. जिओजेब्रा आपल्या पानात बसवता येते, पण मोफत आहे ती बिगर-व्यावसायिक वापरासाठीच.

पायरी ७: मधली भिंत

आता निवड झाली. ती चुकीची निघू शकते असं धरूनच कोड लिहा. ओपनजीएल १९९२ पासून चालत आलेलं. २०१८ मध्ये ॲपलने मॅकवर ते मोडीत निघाल्याचं जाहीर केलं आणि अनेकांची झोप उडाली. जिओजेब्रा जावातून बाहेर पडू शकली ती भूमिती आणि चित्र वेगळं असल्यामुळे.

म्हणून मध्ये एक भिंत घाला. भिंतीच्या एका बाजूला गणित: ते फक्त गणिताच्या मापात बोलतं, "बिंदू २, ३ वर" असं. दुसऱ्या बाजूला चित्र. भिंतीत मोजकीच भोकं: वक्र काढ, बिंदू काढ, भाग भर, मजकूर लिही. गणिताच्या मापाचं पिक्सेलमध्ये रूपांतर एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये. कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या चित्रफलकावर, य-अक्ष खाली वाढतो, गणितात वर. ते उलटवणंही तिथेच. फोनच्या पडद्यावर चित्र धुरकट दिसत असेल तर पडद्याच्या घनतेचा गुणकही तिथेच लावा.

भिंत पक्की आहे का हे तपासायला एक संध्याकाळ पुरते. निवडलेली लायब्ररी बाजूला ठेवा आणि त्याच चार आज्ञा साध्या एसव्हीजी फाइलमध्ये लिहिणारा दुसरा, साठ-सत्तर ओळींचा चित्रकार लिहा. एसव्हीजी म्हणजे शेवटी मजकूरच, त्यामुळे लायब्ररी काही लागत नाही. आणि पुढे कोड बदलल्यावर कालचं चित्र आणि आजचं चित्र ओळीला ओळ लावून तपासायलाही त्याच फाइली कामी येतात. ती संध्याकाळ पुरली नाही, तर गणिताच्या कोडमध्ये कुठेतरी पिक्सेल शिरला आहे. आधी तो शोधा.